बॅलिकिलक्लाइन
बॅलिकिलक्लाइन : आयर्लंडच्या रॉसकॉमन काउंटीतील एक टाऊनलँड. स्ट्रोक्सटाउन गावाच्या ईशान्येस, किलग्लास पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीवरून पडलेला स्थानिक विभाग). क्षेत्र सुमारे 600 एकर. टाऊनलँड हा आयर्लंडमधील जमिनीच्या विभागणीचा सर्वांत लहान घटक असून साऱ्या बेटावर असे 60 हजारांहून अधिक आहेत. टाऊनलँडमध्ये बाजार, चर्च किंवा धड गावठाणही असेलच असे नाही. थोडी घरे, शेते आणि दलदल एवढ्यावरही भागते. खेड्यापाड्यांत पत्ता मात्र आजही त्याच नावाने सांगितला जातो.

बॅलिकिलक्लाइनची जमीन ब्रिटिश राजसत्तेच्या मालकीची होती. स्ट्रोक्सटाउनच्या महॉन घराण्याने ती भाडेपट्ट्याने घेऊन पुढे कुळांना कसायला दिली होती. 1834 मध्ये पट्ट्याची मुदत संपली आणि कुळांचा संबंध थेट सरकारशी आला. त्यांनी खंड देणे बंद केले. बेलिफांना पिटाळले, अर्ज केले, वकील देऊन खटला लढवला. सरकारने त्यांना त्यांच्याच शेतात घुसखोर ठरवले! हा झगडा तेरा-चौदा वर्षे चालला. दुष्काळात खंड थकला, असे याचे वर्णन करणे चुकीचे ठरेल. बटाट्यावर करपा येऊन दुष्काळाला सुरुवात झाली ती 1845 मध्ये. तोवर खंडबंदीला दहा वर्षे होऊन गेली होती.

अखेर निकाल कुळांच्या विरोधात गेला. 1847-48 मध्ये सरकारने स्वतःच्या खर्चाने साडेतीनशेहून अधिक माणसे डब्लिन व लिव्हरपूलमार्गे न्यूयॉर्कला रवाना केली आणि मागे राहिलेली घरे पाडून टाकली. त्याच सुमारास शेजारच्या इस्टेटीतून डेनिस महॉन या जमीनदाराने हजाराच्या आसपास कुळे कॅनडात क्वेबेकला धाडली होती. त्या जहाजांवर तापाने फार माणसे दगावली. नोव्हेंबर 1847 मध्ये महॉनचा गोळी घालून खून झाला.

1998 पासून काही वर्षे चार्ल्स ऑर्सर या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने येथे उत्खनन केले. पाडलेल्या घरांच्या जागी रंगीत नक्षी छापलेल्या इंग्लिश बनावटीच्या बशा-पेल्यांचे तुकडे बऱ्याच प्रमाणात निघाले. म्हणजे ही कुळे बाजारात जात, आवडीची वस्तू पैसे मोजून घेत. खंड देणे परवडत नव्हते की द्यायचा नव्हता, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहतो. कागदपत्रे पाहता दुसरी शक्यता अधिक पटते. दारिद्र्य होतेच, पण सारा हिशेब दारिद्र्याने सुटत नाही.

अमेरिकेत गेलेल्यांपैकी काही कुटुंबे व्हरमाँट राज्यातील रटलंड परिसरात स्थिरावली. तेथे संगमरवराच्या खाणी होत्या आणि खाणकामाला माणसे हवी होती.