गुंगी चढेपर्यंतची वीस मिनिटं

खानापूरहून सकाळच्या गाडीनं बेळगावला आलेलं सहा वर्षांचं पोर. मागच्या दाढेची कीड पार आतल्या नसेपर्यंत गेलेली, रात्रभर झोप नाही, आणि गुंगी द्यायची म्हणून सकाळपासून पोटात अन्न नाही. दवाखान्यात शिरताच तो ओळखीचा वास येतो, बराचसा लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलचा. कंपाउंडर कन्नडमध्ये काहीतरी विचारतो, डॉक्टर हिंदीत समजावतात, आणि पोराला येते फक्त मराठी. ते आजीच्या पदरात तोंड खुपसतं. मग कुणीतरी त्याच्या हातात फोन ठेवतं, फुगे फोडायचा खेळ लावून. पाच मिनिटांनी आजी शेजारच्या बाईला सांगते, "दात काढाय आणलाय न हे बघा, खेळूलाय!"

आजीला हे लाड वाटतात. पण बारशानंतर कान टोचताना बाळाच्या जिभेवर गूळ लावून "तो बघ काऊ" म्हणणारी तीच होती. (गुळातही तथ्य आहे. गोड चवीनं तान्ह्या बाळाचं रडं कमी होतं, हे साखरपाण्याच्या प्रयोगांत वारंवार दिसलंय.) आपल्या करदंट मिठाईच्या मुलखात, म्हणजे गूळ आणि तळलेला डिंक एकत्र दातांना चिकटवणाऱ्या मुलखात, दाढांनी तक्रार केली तर नवल नाही. तेव्हा ही वेळ बऱ्याच घरांवर येते.

लक्ष दुसरीकडे गेलं की दुखणं खरोखर कमी होतं का? रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेत एक दार लागतं, आणि ते किती उघडायचं हे मेंदूही ठरवतो. पुढे अमेरिकेत सिएटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांना मलमपट्टीच्या वेळी आभासी जग दाखवणाऱ्या चष्म्यातून बर्फाळ दरीत नेलं, तिथल्या बर्फाच्या माणसांवर बर्फाचे गोळे मारायचा खेळ खेळायला लावला. रुग्णांनी वेदना कमी सांगितली. निरोगी माणसांना मुद्दाम चटका देऊन मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा त्यातही वेदनेच्या भागांतली हालचाल मंदावलेली दिसली.

इथं कार्टून आणि खेळ यांत फरक आहे. कार्टून बघताना डोळे पडद्यावर असतात, पण कान मात्र ट्रेमधल्या खणखणाटाकडे. खेळात पुढच्या क्षणी अंगठा हलवावाच लागतो, त्यामुळे भीतीच्या वाट्याला लक्ष कमी उरतं. शिवाय फुगा फुटायला कन्नड, मराठी, हिंदी काहीच लागत नाही. आपल्याकडे हा गुण मोठा आहे.

आता गुंगीकडे येऊ. मुलांना बहुतेकदा मिडाझोलामचं औषध पाजतात, किंवा नाकावर मास्क लावून लाफिंग गॅस देतात. हा गॅस दंतवैद्यांच्या घरचाच. होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्यानं १८४४ साली तो हुंगून स्वतःचीच दाढ उपटून घेतली होती. गॅस काही मिनिटांत लागतो, पण नाकानं श्वास घेतला तरच. भोकाड पसरलेलं पोर तोंडानं श्वास घेतं आणि गॅस बाहेरच राहतो. मिडाझोलामला वीसेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ पोर घाबरून किंचाळत असेल तर अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, निम्मं औषध थुंकलं जातं, उरलेलं अपुरं वाटतं. मग अजून थोडं द्यावं असा मोह होतो, आणि धोका तिथंच आहे. गुंगी वाढली की श्वास मंदावतो, आणि दातांच्या कामात पाणी, कापूस, सुई सगळं श्वासाच्याच वाटेवर असतं. म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र हवंच. खेळ त्या यंत्राची जागा घेत नाही, औषधाचीही नाही. तो ही वीस मिनिटं सांभाळतो.

किती चांगली सांभाळतो, याचा एक दाखला न्यू जर्सीतल्या २००६ च्या अभ्यासात आहे. तो दातांचा नव्हता, लहानमोठ्या शस्त्रक्रियांआधीच्या भुलीचा होता. ४ ते १२ वर्षांची ११२ मुलं. सगळ्यांजवळ आईबाप. काहींना वर मिडाझोलाम, काहींना हातातला व्हिडिओ गेम. भुलीचा मास्क लावताना गेमवाल्यांपैकी ६३ टक्के मुलांची भीती वाढली नाही किंवा उलट कमी झाली. औषधवाल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं, नुसत्या आईबापांसोबत २८. आईबापांना हे वाचून वाईट वाटेल, पण आपलीच धडधड पोराला कळत असते.

खुर्चीत मात्र खेळाची पंचाईत होते. गाड्यांची शर्यत लावली की वळणावर पोराची मानही वळते, आणि ड्रिल तोंडात असताना ते परवडत नाही. फोन छातीवर धरला तर कोपर डॉक्टरांच्या हाताला लागतं. मोठा चष्मा नाकावरच्या मास्कशी भांडतो. एका अंगठ्यानं चालणारा, मान न हलवता खेळता येणारा, आवाज बारीक असलेला साधा खेळ बरा. मिडाझोलाम चढलं की पकड आपोआप सैल होते. तेव्हा फोन काढून घ्यावा, पोराला जागं करून "अजून खेळ" म्हणू नये. थोड्या मुलांना या औषधानं झोपेऐवजी उलट चिडचिडच होते, तिथं खेळाचा काही इलाज चालत नाही.

"गप्प बसलास तर नंतर फोन देतो" हा वेगळा प्रकार. ते आमिष झालं, आणि खेळ हवा असतो भीतीच्या वेळी, नंतर नव्हे. दुसरी अडचण घरातली आहे. जे पोर रोज जेवताना फोन बघतं, त्याला दवाखान्यातल्या फोनचं काय अप्रूप? तेव्हा एखादा नवा खेळ आदल्या रात्री गुपचूप उतरवून ठेवावा, आणि गाडीत तो हाती देऊ नये. खानापूर ते बेळगाव त्याला खिडकीबाहेरच बघू दे.