अश्विनांची जोडी आणि सातेरीचे वारूळ : एक पार्श्वभूमी

गर्भाधान संस्कारात म्हटल्या जाणाऱ्या ऋग्वेदातील सूक्तात (१०.१८४) एक ऋचा अशी आहे : ‘गर्भं धेहि सिनीवालि गर्भं धेहि सरस्वति । गर्भं ते अश्विनौ देवावा धत्तां पुष्करस्रजा ॥’ दोन देवींना आणि कमळांच्या माळा ल्यालेल्या जुळ्या देवांना येथे एकाच मागणीसाठी एकत्र बोलावले आहे. जुळे देव आणि सुफलतेच्या देवता यांचा संबंध पुढे अनेक कथांत विखुरलेला दिसतो. तो इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच सापडतो.

अश्विन हे विवस्वान आणि सरण्यू यांचे पुत्र, आणि त्यांच्या जन्माच्या वेळी सरण्यूने घोडीचे रूप घेतले होते, अशी कथा आहे. आज त्यांची ओळख देवांचे वैद्य एवढीच उरली असली, तरी ऋग्वेदातील त्यांच्या पराक्रमांच्या यादीत वध्रिमतीला पुत्र देणे आणि शयूची वांझ गाय दुभती करणे ही कामेही आहेत. त्यांच्या प्राचीनतेचा पुरावा भारताबाहेरही मिळतो. तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे सापडलेल्या, इ. स. पूर्व १४व्या शतकातील हित्ती आणि मितान्नी राजांमधील तहात मित्र, वरुण आणि इंद्र यांच्यासोबत नासत्यांनाही, म्हणजे अश्विनांनाही, साक्षीला ठेवले आहे. ग्रीकांचे कॅस्टर आणि पॉलिड्यूकीस हेही घोड्यांशी जोडलेले जुळे, आणि त्यांना दिलेल्या ‘दिओस्कूरॉय’ या नावाचा अर्थ ‘झ्यूसचे पुत्र’. अश्विनांनाही ऋग्वेद ‘दिवो नपाता’, म्हणजे आकाशदेवाचे पुत्र, म्हणतो, आणि लाटव्हियाच्या लोकगीतांतही देवाचे पुत्र सूर्यकन्येला मागणी घालतात. या सर्व कथांची मांडणी जवळपास एकच आहे : दोन भाऊ आणि त्यांच्यासोबत एक तेजस्वी तरुणी. अश्विनांच्या रथावर सूर्यकन्या सूर्या बसते, तर दिओस्कूरांची बहीण हेलन ऱ्होड्स बेटावर वृक्षदेवता म्हणून पूजली जात असे.

जुळ्यांमधील एक स्वतःच सुफलतेची देवी असल्याचीही उदाहरणे आहेत. सुमेरची इनाना सूर्यदेव उतूची जुळी बहीण आहे, आणि उत्तर युरोपातील फ्रेय व फ्रेया हे भाऊबहीण पीकपाणी व प्रेम यांचे अधिपती आहेत. यम आणि यमी ही मात्र वेगळी जोडी. तेथे जुळेपणाचे टोक मृत्यूकडे वळते, आणि आपल्या घरांत ते यमद्वितीयेच्या ओवाळणीत येऊन थांबते.

गोव्याकडे पाहिले की चित्र बदलते. येथे अश्विनांची सार्वजनिक उपासना रूढ नाही; मंत्रांत आणि आश्विन महिन्याच्या नावात ते आहेत, इतकेच. देवी मात्र मातीतच आहे. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथील खडकावर कोरलेल्या आकृतींमध्ये एक मातृदेवतेची मानली जाते. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कुर्डीतील जांभ्या दगडात कोरलेली मातृदेवता तेथून हलवून वेर्णे येथे नेण्यात आली. या दोन्हींपेक्षा जिवंत आहे ती सातेरी. अनेक गावांत तिच्या गाभाऱ्यात मूर्तीऐवजी वारूळ, म्हणजे आपल्याकडची रोयण असते, आणि तिच्यावर कधी धातूचा मुखवटा चढवलेला असतो. मूठभर मातीतून आपोआप वाढणारे, आत ओलावा आणि नाग सांभाळणारे हे शिखर पेरणाऱ्या माणसाला भूमीचे गर्भस्थान वाटावे, यात नवल नाही. वेदपरंपरेलाही त्याचे महत्त्व ठाऊक होते : अग्न्याधानाच्या, म्हणजे यज्ञाचे अग्नी स्थापण्याच्या विधीच्या, सामग्रीत वारुळाची माती असते, आणि तैत्तिरीय ब्राह्मण वारुळाला वाळवीने वर आणलेला पृथ्वीचा रस म्हणते. पुढे अनेक ठिकाणी सातेरीला शांतादुर्गा हे नाव मिळाले, तरी तिचे मूळ जमिनीतच राहिले.

माझ्या मते या फरकाचे कारण साधे आहे. जुळे देव घोडा आणि रथ वापरणाऱ्या लोकांबरोबर हिंडले, त्यामुळे ते कवनांत आणि तहांत टिकले. देवी एका गावच्या मातीची असल्याने तिला हलता आले नाही. म्हणूनच गोव्यातील दैवतांची नाती लावताना दोन भाऊ आणि एक तरुणी हा साचा उपयोगी पडत नाही. येथील प्रसिद्ध आख्यायिकेत बहिणी सात आहेत आणि भाऊ एकच, खेतोबा. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या त्यांपैकी काही. आख्यायिकेनुसार सातवी बहीण म्हापशाला गेली, आणि आज ती तेथील चर्चमध्ये मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, म्हणून नवस घेते.