रेताड जमीन आणि कडक ऊन: भाजी, फळझाडे व फुलझाडे कशी टिकवावीत
(रोपांसोबत ग्राहकांना देण्याचे माहितीपत्रक)

रेताड जमिनीत पाणी टिकत नाही हे सगळ्यांना माहीत असते. म्हणून बरेच जण एकदाच भरपूर पाणी देऊन मोकळे होतात, आणि तिथेच गणित चुकते.

एक मीटर खोल रेताड मातीत झाडाला वापरता येईल असे पाणी साधारण 60 ते 100 मिलिमीटर मावते. भाजीपाल्याची बहुतेक मुळे वरच्या 30 सेंटिमीटरमध्येच असतात, म्हणजे त्यांच्या वाट्याला येते 20 ते 30 मिलिमीटर. कडक उन्हाळ्यात वाढत्या वाफ्यातून दिवसाला 7 ते 8 मिलिमीटर पाणी उडते आणि साठा निम्म्यावर आला की रोप ताण सोसू लागते. ही वेळ दीड-दोन दिवसांत येते. आठवड्याचे पाणी आज दिले तरी मातीची टाकी तेवढीच राहते. वरचे सगळे मुळांच्या खाली निघून जाते आणि जाताना नत्र व पालाश घेऊन जाते. रेताड जमिनीत पाणी, खत, शेणखत सगळेच थोडे थोडे आणि वारंवार द्यायचे. पुढचे सगळे याच हिशोबाने लिहिले आहे.

आपली माती किती रेताड आहे ते आधी पाहा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर भांडी धुण्याची पावडर घालून जोरात हलवा व ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ दोनेक तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत. पहिल्या मिनिटात बसलेला थर एकूण मातीच्या चार पंचमांशाहून जास्त असेल तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे.

वाफ्याची तयारी

भाजीच्या वाफ्यावर पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट 5 सेंटिमीटर जाडीचे पसरा. चौरस मीटरला हे 50 लिटर होते, म्हणजे दहा लिटरच्या पाच बादल्या. आकडा मोठा वाटतो, पण मूठ-मूठ टाकून काही होत नाही. वरच्या 15 ते 20 सेंटिमीटरमध्ये मिसळा. उष्णतेत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून संपतो, म्हणून पुढे प्रत्येक हंगामाला आणखी 2 सेंटिमीटर द्या. तळ्यातला गाळ मिळाला तर वाळवून, फोडून, चौरस मीटरला 10 ते 20 लिटर मिसळा. चिकणमातीचा हा अंश कंपोस्टसारखा कुजून जात नाही, एकदा घातला की राहतो. मात्र तो मिसळायचाच; थर म्हणून पसरला तर पाणी त्या थरावर अडते.

कच्चे शेण घालू नका. मुळे भाजतात, हुमणी व वाळवी येते, आणि गाजर-मुळ्याला फाटे फुटतात. वाफ्याखाली प्लॅस्टिक अंथरण्याचा सल्लाही काही ठिकाणी दिला जातो. आम्ही तो देत नाही: पाणी अडते खरे, पण क्षारही तिथेच साचतात आणि जोराचा पाऊस झाला की मुळे कुजतात.

वाफा एक हंगाम रिकामा ठेवता येत असेल तर ताग पेरा, चौरस मीटरला 5 ते 6 ग्रॅम. फुलकळी दिसू लागली की कापून मातीत गाडा. दोन-तीन आठवडे कुजू द्या, मगच लागवड करा.

रोप लावताना

आमच्याकडून नेलेले फळझाड किंवा फुलझाड पहिल्या पंधरा दिवसांत सुकले, तर आधी पिशवीतला मातीचा गोळा तपासावा. गोळ्यातले मिश्रण आणि बाहेरची वाळू यांचा पोत वेगळा असतो. आळ्यात ओतलेले पाणी सोपा मार्ग धरून वाळूतून खाली जाते, गोळा आतून कोरडा राहतो. आणि नव्या रोपाची सगळी मुळे अजून गोळ्यातच असतात. वरून माती ओली दिसते, रोप मात्र मान टाकते. त्यामुळे पहिले तीन आठवडे पाणी खोडाजवळ, थेट गोळ्यावर, हळूहळू सोडा. बोट खुपसून ओल पाहायची तीही गोळ्यात, बाजूच्या वाळूत नव्हे.

फळझाडाला 60 सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा पुरतो. काढलेल्या मातीत एक चतुर्थांश, म्हणजे 50 ते 55 लिटर कंपोस्ट मिसळा. निव्वळ कंपोस्टने खड्डा भरू नका. ते कुजून खाली बसते, रोपही खचते आणि खोडाभोवती पाणी साचून साल कुजते. गोळ्याचा माथा जमिनीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर राहू द्या. पिशवीत गोल फिरलेली मुळे बोटांनी मोकळी करा, फारच गुंतली असतील तर गोळ्याला तीन बाजूंनी उभी चीर द्या. बोगनवेल याला अपवाद: तिची मुळे ठिसूळ असतात, गोळा फुटला की वेल जातो. तिची पिशवी खड्ड्यात ठेवूनच कापून काढा.

सैल वाळूत खोडाला आधार मिळत नाही. दोन बाजूंना दोन काठ्या रोवून सैल आठाच्या गाठीने बांधा. लागवड संध्याकाळी करा, आणि शक्यतो ऐन उन्हाळा टाळा.

पाणी आणि आच्छादन

वाळूत पाणी आडवे पसरत नाही, सरळ खाली उतरते. म्हणून ठिबकच्या नळीवरच्या ड्रिपरमध्ये भारी जमिनीत चालणारे 60 सेंटिमीटरचे अंतर इथे चालत नाही. ड्रिपर 30 सेंटिमीटरवर हवेत. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब वाफ्यावर दोन नळ्या टाकल्या की 20 ड्रिपर होतात. ताशी 2 लिटरचे असतील तर तासाला 40 लिटर. वाफ्याची उन्हाळी गरज दिवसाला 21 ते 24 लिटर, म्हणजे सकाळी 18 मिनिटे आणि दुपार कलल्यावर पुन्हा 18 मिनिटे. सलग पावणेदोन तास चालवून दोन दिवस बंद ठेवण्यात पाणी तेवढेच जाते, फायदा निम्माही होत नाही. उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी कढत असते. हाताने पाणी घालत असाल तर ते आधी बाजूला सोडा.

कधी कधी कोरडी वाळू पाणी शोषतच नाही, थेंब मण्यासारखा वर बसून राहतो. सेंद्रिय पदार्थातला मेणचट अंश कणांवर चढल्याने असे होते. वरचा थर खुरप्याने मोडा आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन-चार वेळा थोडे पाणी द्या. एकदा ओल धरली की ती पुन्हा पूर्ण कोरडी पडू देऊ नका.

उघड्या वाळूचा पृष्ठभाग दुपारी 60 अंशांच्या वर जाऊ शकतो. पालापाचोळा, वाळके गवत किंवा उसाचे पाचट 7 ते 10 सेंटिमीटर जाड पसरा, खोडापासून चार बोटे लांब ठेवून. वाळवी दिसली तर आच्छादन दोन दिवस उचलून जागा उघडी करा.

खत, आणि पाने काय सांगतात

युरिया मातीच्या कणांना धरून राहत नाही. एकदम दिलेला बहुतांशी वाहून जातो. पालेभाजी व फळभाजीला चौरस मीटरला 4 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, दर 10 ते 12 दिवसांनी द्या आणि वर हलके पाणी. जोराचा पाऊस होऊन गेला की पुढच्या हप्त्याची वाट पाहू नका.

जुनी, खालची पाने सगळीकडून पिवळी पडली तर नत्र कमी. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला 5 ग्रॅम फवारा. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. जास्वंद, लिंबू व गुलाबात हे फार दिसते. पाणी किंवा माती चुनखडीयुक्त असेल तर लोह असूनही मुळांना मिळत नाही. तिथे साधे हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकणे वाया जाते, चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह वापरा.

टोमॅटोच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो तो रोगाचा नव्हे. फळापर्यंत कॅल्शियम पोहोचलेले नसते, आणि याचे नेहमीचे कारण म्हणजे पाण्यातला खंड. आधी पाणी नियमित करा, औषध नंतर. फुलकोबीचा दांडा आतून पोकळ व तपकिरी निघाला तर बोरॉन कमी आहे. बोरॅक्स चौरस मीटरला 1 ग्रॅम, पाण्यात विरघळवून, हंगामात एकदाच. काट्यावर मोजूनच द्या. थोडे जास्त झाले तरी झाड जळते.

काय लावावे

चवळी, गवार, भेंडी, रताळी, कलिंगड, तीळ, शेवगा ही मंडळी ऊन आणि वाळू दोन्ही सोसतात. भुईमुगाला तर सैल जमीनच हवी. आऱ्या (फुलानंतर जमिनीत उतरणारे, शेंग धरणारे दांडे) सुटू लागल्या की चौरस मीटरला 40 ग्रॅम जिप्सम द्या, नाहीतर शेंगा पोचट राहतात. फळझाडांत बोर, डाळिंब, सीताफळ, खजूर, काजू. शोभेसाठी बोगनवेल, कण्हेर, चाफा, सदाफुली, चिनी गुलाब, गेलार्डिया, अडेनियम. कण्हेर आणि अडेनियम विषारी आहेत. लहान मुले व गुरे पोहोचतील तिथे लावू नका.

टोमॅटो थंड हंगामात घ्या. दिवसा 35 आणि रात्री 25 अंशांच्या वर तापमान राहिले की पराग निकामी होतात, फुले गळतात. अशा वेळी टॉनिक विकत घेण्यात अर्थ नाही, आमच्याकडचेही नाही. फळभाज्यांवर 35 टक्के सावलीची जाळी, पालेभाज्यांवर 50 टक्के. 75 टक्के सावलीच्या जाळीखाली भाजी नुसती उंच वाढते, फळ धरत नाही.

मुळांवरच्या गाठी

पाणी-खत ठीक असून रोप दुपारी मलूल होते आणि वाढ खुंटते, तर एक रोप फावड्याने अलगद उपटून मुळे धुवा. गाठी दिसल्या तर नखाने खरवडून पाहा. चवळी-भुईमुगाच्या नत्राच्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, सहज सुटतात. सूत्रकृमीच्या (मुळांत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींच्या) गाठीत मूळच फुगलेले असते, ते तुटते पण गाठ सुटत नाही. रेताड जमिनीत ही कीड विशेष माजते.

उपाय: वाफा ओला करून, पारदर्शक 25 ते 50 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद घट्ट पसरून, कडा मातीत दाबून, सर्वांत कडक उन्हात 4 ते 6 आठवडे ठेवा. काळा कागद नको, त्याखाली माती कमी तापते. नंतर निंबोळी पेंड चौरस मीटरला 100 ते 200 ग्रॅम मिसळा. झेंडूची एकच ओळ कडेला लावून भागत नाही. पूर्ण वाफा दोन-तीन महिने दाट झेंडूखाली हवा. बाधित मुळे कंपोस्टमध्ये टाकू नका.

पाणी खारट असेल तर पानांच्या कडा जळतात आणि जमिनीवर पांढरा पापुद्रा येतो. इथे वाळू उपयोगी पडते, क्षार धुऊन काढणे सोपे जाते: दोन-तीन आठवड्यांतून एकदा नेहमीच्या दुप्पट पाणी द्या, आणि दुसऱ्या दिवशी खताचा हप्ता.

रोप आजारी म्हणून दाखवायला आणाल तेव्हा नुसते पान तोडून आणू नका. मुळांसकट एक रोप आणि बोटभर खोलीची मूठभर माती वेगवेगळ्या पिशव्यांत आणा, आणि शेवटचे खत कोणते, किती व कधी दिले ते लिहून ठेवा.