सुट्टीच्या बदल्यात म्हातारपण: फ्रान्समधल्या एका कायद्याची पार्श्वभूमी

२०२५ च्या जुलैत फ्रान्सच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी अर्थसंकल्पातली तूट कमी करण्यासाठी दोन सार्वजनिक सुट्ट्या रद्द करायचा प्रस्ताव मांडला. सप्टेंबरमध्ये त्यांचं सरकारच पडलं. आपल्याकडच्या बातम्यांत हा किस्सा फ्रेंचांच्या सुट्टीप्रेमाचा नमुना म्हणून आला आणि विसरलाही गेला. पण सुट्टी विकून पैसा उभा करायची ही कल्पना तिथे याआधी एकदा अमलात आलेली आहे. तेव्हा निमित्त उन्हाचं होतं. त्या उन्हात मेल्या त्या मुख्यतः एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका.

ऑगस्ट २००३ मध्ये पॅरिसचं कमाल तापमान ३९.५ अंशांवर गेलं. चंद्रपूर-नागपूरच्या वाचकाला हा आकडा एप्रिलमधलाही वाटणार नाही. मारक ठरल्या त्या रात्री. ११ आणि १२ ऑगस्टच्या मधल्या रात्री पॅरिसमध्ये पारा २५.५ अंशांच्या खाली उतरलाच नाही. जस्ताच्या पत्र्याची छपरं, त्या छपराखालच्या, एके काळी मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्या, अनेक इमारतींत लिफ्ट नाही, पंखा नाही. त्यात ऑगस्ट म्हणजे सगळा देश सुट्टीवर: मुलं गावाला, घरचा डॉक्टर रजेवर, इस्पितळांतल्या खाटा कमी केलेल्या. महिन्याच्या पहिल्या वीस दिवसांत नेहमीपेक्षा जवळपास १५,००० मृत्यू जास्त झाले. आरोग्यमंत्री आपल्या सुट्टीतल्या घराच्या बागेतून, पोलो शर्टवर, दूरचित्रवाणीवर बोलले, हे तिथे अजून कोणी विसरलेलं नाही. कोणीही न्यायला न आलेल्या मृतांचं पॅरिसजवळ सरकारी दफन झालं, त्याला राष्ट्राध्यक्ष हजर होते.

मृतांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया होत्या. बायका जास्त जगतात, म्हणून त्या वयात त्याच जास्त, हे उत्तर लगेच दिलं गेलं आणि ते अर्धंच बरोबर आहे. एकाच वयाचे स्त्री-पुरुष घेऊन तुलना केली तरी स्त्रियांमधली वाढ जास्त निघाली. विधवा, घटस्फोटित, अविवाहित यांच्यातली वाढ विवाहितांपेक्षा मोठी होती. याचा अर्थ काढायला संशोधक लागत नाही. नवऱ्याच्या म्हातारपणी पाणी द्यायला, खिडकीचा पडदा ओढायला बायको असते; तिची पाळी येते तेव्हा तो बहुधा गेलेला असतो.

यामागचा इतिहास थोडक्यात असा. म्हाताऱ्यांना संस्थेत न टाकता होता होईल तो घरीच ठेवावं, हे धोरण १९६२ च्या एका सरकारी अहवालापासून चालत आलं आहे. घरी ठेवायचं म्हणजे घरात कोणीतरी हवं. आधी मुली आणि सुना होत्या, मग पैसे देऊन येणारी मदतनीस आली. आपल्याकडे शहरांत ज्यांना ब्युरोच्या मावशी म्हणतात, त्यांचंच ते सरकारमान्य रूप. १९८० आणि ९० च्या दशकांत बेरोजगारी वाढली तेव्हा सरकारला या कामात दुहेरी फायदा दिसला. घरकामाला माणूस ठेवणाऱ्याला करसवलत मिळाली आणि कमी शिकलेल्या बायकांना थोड्या तासांची कामं मिळाली. आजारी माणसाला आंघोळ घालणं, उचलणं, त्याचं चिडणं सोसणं ही कौशल्याची कामं आहेत हा विचार तेव्हाच मागे पडला, आणि त्याची भरपाई पगारात अजून पुरती झालेली नाही.

परावलंबी म्हाताऱ्यांसाठीचा १९९७ चा भत्ता पुढे वारसांच्या हिश्शातून वसूल होत असे, त्यामुळे अनेक म्हाताऱ्यांनी तो मागितलाच नाही. घर मुलांना जावं म्हणून आई भत्ता नाकारत होती. २००१ च्या कायद्याने ही वसुली गेली आणि साठीपुढच्या परावलंबी व्यक्तीसाठी नवा भत्ता आला, जानेवारी २००२ पासून. त्यातून मुलीला पगारी मदतनीस म्हणून ठेवता येतं, बायकोला किंवा नवऱ्याला ठेवता येत नाही. बायकोने केलेली सेवा ही लग्नाचाच भाग, असं कायद्याने गृहीत धरलं आहे. या भत्त्याला इतके अर्ज आले की दोन वर्षांतच तो चालवणाऱ्या जिल्हा परिषदा पैशासाठी ओरडू लागल्या. त्यात २००३ चा ऑगस्ट आला.

३० जून २००४ च्या कायद्यात दोन गोष्टी एकत्र शिवलेल्या आहेत. एक, उष्णतेसाठी सूचना-व्यवस्था आणि प्रत्येक नगरपालिकेत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि अपंगांची नोंदवही. दोन, ‘एकजुटीचा दिवस’. पगारदाराने वर्षात एक दिवस, म्हणजे सात तास, बिनपगारी काम करायचं. वर्षाचे कायदेशीर १६०० तास १६०७ झाले. बदल्यात मालकाने एकूण पगाराच्या ०.३ टक्के रक्कम वृद्ध आणि अपंगांसाठीच्या नव्या राष्ट्रीय निधीत भरायची. दुसरं काही ठरलं नाही तर हा दिवस पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार, तोवरची हक्काची सुट्टी.

१६ मे २००५ ला पहिला असा सोमवार आला आणि पार फसला. संप झाले, अनेक ठिकाणी शाळा उघड्या पण वर्गात पोरं नाहीत, कित्येक कारखान्यांनी कामगारांना सरळ सुट्टी दिली. रेल्वेने तर सोमवारची सुट्टी तशीच ठेवली आणि कर्मचाऱ्यांनी वर्षभर रोज १ मिनिट ५२ सेकंद जास्त काम करायचं, असा तोडगा काढला. ती १ मिनिट ५२ सेकंदं फ्रान्समध्ये पुढे कित्येक वर्षं विनोदाचा विषय होती. विनोद म्हणून ठीक आहे, पण त्यातून या योजनेचं गुपित फुटतं: कोणी जास्त काम करो वा न करो, मालकाला ०.३ टक्के भरावेच लागतात. म्हणजे हा पगारावरचा कर आहे. त्याला त्यागाचं नाव दिलं की तो कर वाटत नाही.

टीका तेव्हा दोन अंगांनी झाली. डॉक्टर, वकील, दुकानदार सुटले आणि पगारदार तेवढे अडकले, ही एक. भांडवली उत्पन्नावर ०.३ टक्के आकारणी होती, पण ती या आक्षेपाला पुरी पडली नाही. सण बुडाला, ही दुसरी. चर्चासत्रं, अग्रलेख, न्यायालयीन दावे सगळे या दोन मुद्द्यांभोवती फिरले. तिसरा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कडेला राहिला. वृद्धनिवासातल्या साहाय्यिका आणि घरोघर जाणाऱ्या मदतनीस या कामात दहापैकी नऊहून जास्त बायका आहेत. त्यांना सणाला सुट्टी पूर्वीही नव्हती, म्हातारी माणसं सोमवारीही जेवतात. पण कायदा त्यांनाही लागू झाला. वृद्धनिवासात बऱ्याच जणींची एक रजा कापली गेली. अर्धवेळ काम करणारीचे सात तास तिच्या कामाच्या प्रमाणात कमी झाले, इतकीच काय ती सवलत. म्हाताऱ्यांच्या सेवेसाठी निधी हवा म्हणून म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या, देशातल्या अत्यंत कमी पगाराच्या बायकांनी फुकट तास द्यायचे. दोन हजार चारच्या जूनमध्ये हे कोणाला खटकलं नसेल असं नाही, पण कायद्यात त्याची खूण नाही.

२००८ मध्ये सक्ती सैल झाली. कोणता दिवस द्यायचा ते प्रत्येक कंपनीने ठरवावं असं झालं आणि पेंटेकॉस्टचा सोमवार पुन्हा बऱ्याच जणांची सुट्टी झाला. शाळा त्या दिवशी बंद, काही कार्यालयं चालू. मुलांना कोण सांभाळणार याचं उत्तर घरोघर काय निघतं ते वेगळं सांगायला नको. २०१३ पासून करपात्र पेन्शनवरही ०.३ टक्के कापले जाऊ लागले. ज्यांच्यासाठी निधी उभा केला त्यांनीच त्यात भर घालायची. अगदी लहान पेन्शनवाले वगळले आहेत, आणि मुलांसाठी, सासूसाठी नोकरी मध्येच सोडलेल्या कित्येक बायका त्या लहान पेन्शनवाल्यांतच मोडतात, हा एक दिलासा म्हणायचा.

उपयोग झाला का? झाला. २००६ च्या जुलैतल्या लाटेत सुमारे २,००० जादा मृत्यू झाले. २००३ सारखीच स्थिती असती तर सहा हजारांच्या वर गेले असते, असा अभ्यासकांचा हिशोब. वृद्धनिवासांत किमान एक थंड खोली सक्तीची झाली. पण ती खोली सहसा एकच असते, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीला तिथवर ढकलत नेणारे हात दुपारच्या पाळीला दोन-चारच असतात. पालिकेच्या नोंदवहीत नाव घालणं ऐच्छिक आहे. जी सगळ्यांत एकटी ती नाव घालायला जात नाही. २०२२ च्या उन्हाळ्यातल्या लाटांमध्ये २,८०० हून अधिक जादा मृत्यू झाले.

२०२० मध्ये परावलंबन हा सामाजिक सुरक्षेचा पाचवा विभाग ठरला. त्याच साली कोविडच्या पहिल्या लाटेनंतर इस्पितळं आणि वृद्धनिवासांतल्या कर्मचाऱ्यांना महिना १८३ युरोंची वाढ मिळाली, घरोघर जाणाऱ्या मदतनीस मात्र वगळल्या गेल्या. ना-नफा संस्थांमार्फत काम करणाऱ्यांना ऑक्टोबर २०२१ पासून १३ ते १५ टक्के वाढ मिळाली. ज्यांना म्हातारी व्यक्ती स्वतःच नोकरीवर ठेवते, त्यांचा करार निराळा, त्या पुन्हा बाहेरच. म्हातारपणासाठी एक सर्वंकष कायदा करण्याचं २०१८ चं राष्ट्राध्यक्षांचं आश्वासन दर निवडणुकीत पुढे ढकललं जात आहे. २०२४ मध्ये जो कायदा झाला तो छोटा, त्यात मदतनिसांना ओळखपत्र मिळालं. त्याच वर्षाच्या शेवटी सिनेटने आणखी सात बिनपगारी तासांचा ठराव मंजूर केला होता, तो पुढे बारगळला.

१ जुलै २०२५ पासून उष्णतेच्या इशाऱ्यानुसार कामाची वेळ बदलणं, पाणी पुरवणं, कामाची जागा थंड ठेवणं ही मालकाची जबाबदारी झाली आहे. मदतनिसांची कामाची जागा म्हणजे नव्वदीच्या बाईंचं चौथ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. दुपारी जेवण भरवायचं तर दुपारीच जावं लागतं, आणि तिथली खिडकी उघडायची की नाही हे मदतनिसाला पाठवणारी संस्था ठरवू शकत नाही.