डॅटसन आणि निसान: एका घरातली दोन नावं

१९७० साली टोकियोत लांब नाकाची, दोन दारांची एक स्पोर्ट्स कार विकत मिळायची. तिच्यावर नाव असायचं ‘निसान फेअरलेडी झेड’. त्याच बांध्याची गाडी बोटीतून लॉस एंजेलिसला उतरली की ती व्हायची ‘डॅटसन २४०झेड’. कारखाना एक, आराखडा एक आणि नावं दोन. इंजिनात तेवढा फरक होता. जपानात दोन लिटरच्या वरच्या गाड्यांना कर जास्त, म्हणून तिथे बहुतेक गाड्यांना १,९९८ सीसीचं इंजिन बसवलेलं असे, आणि अमेरिकेला २,३९३ सीसीचं जाई.

त्यामुळे ‘डॅटसन वेगळी की निसान वेगळी?’ हा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे. त्याची दोन ठरावीक उत्तरं कानावर येतात. एक म्हणजे डॅटसन ही जुनी कंपनी होती आणि निसानने ती गिळली. दुसरं म्हणजे डॅटसन ही निसानची स्वस्तातली गाडी. पहिलं अर्धवट खरं आहे. दुसरं फक्त शेवटच्या नऊ-दहा वर्षांपुरतं खरं आहे, आणि त्याने जुन्या डॅटसनवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

मुळात निसान ही कंपनी आहे आणि डॅटसन हे तिच्या गाड्यांचं नाव, म्हणजे ब्रँड. गंमत अशी, की इथे नाव आधी जन्मलं आणि कंपनी नंतर.

मासुजिरो हाशिमोतो या अभियंत्याने १९११ मध्ये टोकियोत क्वाइशिन्शा नावाचा मोटारींचा कारखाना काढला. त्याच्या पाठीशी पैसा उभा करणारे तिघे होते: देन, आओयामा आणि ताकेउची. या तिघांच्या आडनावांची रोमन आद्याक्षरं जोडली की डी-ए-टी, म्हणजे ‘डॅट’ होतं. १९१४ च्या गाडीचं नाव हेच. जपानीत ‘दात्तो’ म्हणजे जीव घेऊन पळणारा ससा, त्यामुळे ते नाव वेगाच्या दृष्टीनेही शोभलं. पुढे १९३० मध्ये जपान सरकारने ५०० सीसीपर्यंतच्या गाड्या चालवायला परवाना लागणार नाही असा नियम केला आणि छोट्या गाड्यांना अचानक गिऱ्हाईक दिसू लागलं. डॅट कंपनीने ४९५ सीसीची छोटी गाडी बनवली आणि तिला नाव दिलं ‘डॅटचा मुलगा’, म्हणजे इंग्रजी ‘सन’ जोडून डॅटसन. पण जपानी उच्चारात ते ‘दात्तोसोन’ होतं, आणि ‘सोन’ म्हणजे तोटा! धंद्याच्या गाडीवर तोटा कोण लिहून घेईल? १९३२ मध्ये स्पेलिंगमधला ओ काढून यू घातला. मुलगा गेला, सूर्य आला आणि उच्चार झाला ‘दात्तोसान’. मराठीत दोन्ही शब्द ‘डॅटसन’ असेच लिहिले जातात, म्हणून हा बदल आपल्या नजरेत येत नाही.

निसानचा उगम पूर्ण वेगळा आहे. योशिसुके आयकावा या उद्योगपतीचा निहोन सांग्यो नावाचा मोठा उद्योगसमूह होता. नावाचा अर्थ सरळ ‘जपान उद्योग’. टोकियोच्या शेअर बाजारात त्याचं संक्षिप्त नाव ‘निसान’ पडलं. आयकावाच्या ओतकामाच्या कंपनीने १९३१ मध्ये डॅट ताब्यात घेतली. डिसेंबर १९३३ मध्ये योकोहामात मोटारींसाठी स्वतंत्र कंपनी उभी राहिली आणि १९३४ मध्ये तिचं बारसं ‘निसान मोटर’ असं झालं. त्या कारखान्यातून जी गाडी बाहेर पडू लागली ती डॅटसन. म्हणजे निसानने डॅटसन गिळली म्हणण्यापेक्षा निसान मोटर उभीच डॅटसनच्या जोरावर राहिली, असं म्हणणं जास्त रास्त आहे.

पुढची काही दशकं जपानात साधारण अशी वाटणी होती: लहान गाड्यांना डॅटसन (ब्लूबर्ड, सनी) आणि मोठ्या, मानाच्या गाड्यांना निसान (सेड्रिक, प्रेसिडेंट). १९६६ मध्ये प्रिन्स मोटर निसानमध्ये विलीन झाली आणि तिची स्कायलाइन निसान नावाने विकली जाऊ लागली. जपानातल्या स्कायलाइनवर डॅटसन लिहिलेलं दिसत नाही, त्याचं कारण हे. गोंधळात भर म्हणून दोन्ही नावांची बोधचिन्हंही जुळ्या भावंडांसारखी: लाल गोल आणि त्यावरून आडवी निळी पट्टी. फरक फक्त पट्टीवरच्या अक्षरांचा.

परदेशात मात्र बहुतेक सगळीकडे डॅटसनच. १९५८ मध्ये अमेरिकेत आलेली पहिली डॅटसन एक लिटरहून किंचित लहान इंजिनाची होती आणि तिथल्या हायवेवर तिचा श्वास फुलायचा. पण त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या सुमारे १६,००० किलोमीटरच्या खडतर शर्यतीत ‘फुजी’ आणि ‘साकुरा’ अशा दोन डॅटसन उतरल्या, आणि फुजी आपल्या गटात पहिली आली. त्या संघाचे प्रमुख युताका कातायामा पुढे अमेरिकेत निसानचा कारभार पाहू लागले. ‘मिस्टर के’ म्हणून तिथे ते लाडके झाले. फेअरलेडी हे नाव अमेरिकेत चालणार नाही हे त्यांनी ओळखलं आणि पोहोचलेल्या गाड्यांवरची ती अक्षरं काढून त्या जागी २४०झेड लावायला लावलं.

मालकांना जुनी डॅटसन का आवडते हे समजायला तिचं बॉनेट उघडावं. आत एल मालिकेचं इंजिन: बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, टायमिंग बेल्टऐवजी चेन. हात घालायला भरपूर जागा. घरच्या पान्यांनी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स लावता येतं. ५१० या साध्या चार दारांच्या गाडीला मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर होती, जे त्या किमतीच्या गाड्यांत सहसा मिळत नसे. तिचीच दोन दारांची आवृत्ती १९७१ आणि १९७२ मध्ये अमेरिकेच्या ट्रान्स-अ‍ॅम मालिकेतल्या अडीच लिटरच्या गटात अजिंक्य ठरली.

तक्रारीही तितक्याच ठाम आहेत, आणि पहिली नेहमी गंजाची. २४०झेड घेताना जाणकार माणूस रंगाकडे बघतही नाही. तो आधी बॅटरी उचलून तिच्याखालची तबकडी बघतो, मग गालिचा सारून पायाखालचा पत्रा आणि खालून चॅसीचे रेल. तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचलं आणि टोक आत गेलं, की सौदा तिथेच थांबतो. दुसरी तक्रार १९७३ च्या गाड्यांची. प्रदूषणाच्या नियमांसाठी बसवलेले सपाट टोपीचे कार्ब्युरेटर गरम झाले की गाडी अडखळायची, म्हणून कितीतरी मालकांनी ते काढून आधीच्या सालातले गोल टोपीचे बसवले. १९७५ च्या २८०झेडला फ्युएल इंजेक्शन आलं आणि तो त्रास मिटला.

भारतात मात्र या घराण्याची ओळख निसान नावाने झाली. जबलपूरच्या कारखान्यात सैन्यासाठी पूर्वी बनणारी जोंगा ही मूळची निसानची ‘पॅट्रोल’ नावाची गाडी. आणि १९८५ च्या प्रीमियर ११८ एनईमधल्या ‘एनई’चा अर्थ निसान इंजिन. ते १,१७१ सीसीचं ए१२ इंजिन, बाहेर डॅटसन १२०० म्हणून गाजलेल्या सनीचं. फियाटच्या जुन्या पत्र्याखाली डॅटसनचं काळीज धडधडत होतं आणि बाहेर त्या नावाचं एक अक्षरही नव्हतं.

मग एवढं कमावलेलं नाव पुसलं का? जगभर कंपनीचं एकच नाव चालावं असं निसानने ठरवलं. १९८१ मध्ये घोषणा झाली आणि पुढची काही वर्षं बदल चालला. त्या काळातल्या गाड्यांच्या पाठीवर निसान आणि डॅटसन अशी दोन्ही नावं शेजारी-शेजारी दिसतात. १९७९ ते १९८३ ची २८०झेडएक्स सुरुवातीला निव्वळ डॅटसन, शेवटी दोन्ही. १९८४ ची ३००झेडएक्स मात्र पूर्ण निसान. माझ्या मते ही कंपनीच्या हातून झालेली मोठी चूक होती. लोक निसानच्या नव्हे, डॅटसनच्या प्रेमात पडले होते.

दुसरी डॅटसन मार्च २०१२ मध्ये जाहीर झाली. निसानचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांनी जकार्तात ते नाव परत आणलं, पण अर्थ बदलून: आयुष्यातली पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी, भारत, इंडोनेशिया, रशिया आणि दक्षिण आफ्रिकेत. रशियातल्या ऑन-डो आणि मी-डो तर ‘लाडा’ या रशियन ब्रँडच्या गाड्यांच्या पायावर उभ्या होत्या. भारतात मार्च २०१४ मध्ये ‘गो’ आली ३ लाख १२ हजारांपासून, पुढे गो प्लस आणि रेडी-गो.

गोच्या मालकांशी बोललं की बोलण्यात दोन सूर लागतात. आत ऐसपैस जागा, १.२ लिटरचं चपळ तीन सिलिंडरी इंजिन, हलकं स्टिअरिंग, चांगलं मायलेज. हे सगळे मान्य करतात. मग दाराचा पत्रा बोटाने दाबून दाखवतात. सुरुवातीच्या गाडीत म्युझिक सिस्टिमच्या जागी मोबाइल अडकवायची खाच होती, हँडब्रेक डॅशबोर्डखालून ओढायचा, पुढच्या दोन सीट एकमेकींना चिकटलेल्या. एवढ्या किमतीत हे चालून जातं. न चालणारी गोष्ट वेगळी होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत गोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. गाडीत एअरबॅग नव्हत्याच, आणि सांगाडाच इतका कोलमडला की नुसत्या एअरबॅग बसवून उपयोग झाला नसता, असं त्या संस्थेने म्हटलं. गाडी बाजारातून मागे घ्यावी अशी मागणीही केली. २०१८ च्या आवृत्तीत दोन एअरबॅग आणि एबीएस आले, पण तोवर नावाला लागलेला डाग पुसला गेला नाही. २०२० मध्ये रशिया आणि इंडोनेशियात, एप्रिल २०२२ मध्ये भारतात डॅटसन दुसऱ्यांदा बंद झाली. सुटे भाग आणि सर्व्हिस निसानकडे चालू राहील असं कंपनीने सांगितलं.

निसान नावाच्या आजच्या गाड्यांबद्दलची मतं हा आणखी वेगळा विषय. अमेरिकेत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तक्रारी एवढ्या झाल्या की २००३ ते २०१० च्या गाड्यांची त्यावरची वॉरंटी १० वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवावी लागली.

तेव्हा कुणी ‘माझ्याकडे डॅटसन आहे’ म्हणालं, तर आधी साल विचारावं. सुटे भाग शोधताना तर बॅजवर मुळीच विसंबू नये. चॅसी आणि इंजिनाचा कोड घेऊन जावं: झेडसाठी एस३० आणि एल२४, जुन्या सनीसाठी बी११० आणि ए१२. हे कोड कळले की डॅटसनसाठी निसानच्या नावाने आलेला डबा घ्यायला हरकत नाही. अमेरिकेला गेलेल्या २४०झेडवर बाहेरून डॅटसन लिहिलेलं असलं, तरी बॉनेट उचलल्यावर आत एक पत्र्याची पाटी दिसते. गाडीचा प्रकार एचएलएस३०, आणि बनवणाऱ्याचं नाव: निसान मोटर कंपनी लिमिटेड, जपान.