कॉपी-पेस्ट केलेलं ड्रॉइंग भलतीकडे का पडतं : पार्श्वभूमी

1982 च्या डिसेंबरात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर बाजारात आलं तेव्हा त्यात क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायची जागा, नव्हता. कॉपी कमांड आधी बेस पॉइंट, म्हणजे वस्तू कुठून धरायची तो बिंदू, विचारायची, मग ती कुठे ठेवायची तो दुसरा बिंदू. दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये काही न्यायचं तर डब्ल्यूब्लॉक कमांडने वेगळी फाइल काढायची, तिलाही बेस पॉइंट द्यायचा आणि तिकडे इन्सर्ट करायची. काम वेळखाऊ होतं, पण जागा माणूसच ठरवायचा. डॉसच्या त्या काळात कंट्रोल-सी म्हणजे चक्क ‘कमांड रद्द’. विंडोज आल्यावर तेच बटण कॉपीचं झालं आणि रद्द करण्याचं काम एस्केपकडे गेलं. 1997 च्या रिलीज 14 मध्ये डॉस आवृत्तीच उरली नाही.

घोळ इथूनच सुरू होतो. विंडोजमध्ये कंट्रोल-सी काहीही विचारत नाही. पत्र टाइप करताना ते सोयीचंच, कारण मजकूर कर्सरपाशी येऊन बसतो. ड्रॉइंगला मात्र ‘कुठून धरायचं’ हे लागतंच. मग सॉफ्टवेअरने ते स्वतःच ठरवलं: निवडलेल्या सगळ्या वस्तूंना सामावणाऱ्या चौकटीचा खालचा डावा कोपरा. फक्त वर्तुळ निवडलं तर हा बिंदू वर्तुळाबाहेर, रिकाम्या जागेत येतो. फ्लँजच्या (पाइप जोडायच्या चकतीच्या) ड्रॉइंगसोबत दूर डावीकडे राहिलेला एखादा पॉइंट किंवा रिकामा टेक्स्ट निवडीत आला, तर कोपरा तिकडे सरकतो आणि पेस्ट करताना फ्लँज कर्सरपासून मीटरभर लांब दिसतो. कित्येकदा तो दिसतही नाही. ‘पेस्टच झालं नाही’ म्हणून तीनदा पेस्ट केलेल्या प्रती मग झूम एक्स्टेंट्स (सगळं ड्रॉइंग पडद्यावर दाखवणारी कमांड) केल्यावर सापडतात. याला बग म्हणता येत नाही, कारण नियम ठरलेला आहे. पण ड्राफ्टिंगची रीत मोडून वर्ड प्रोसेसरची रीत लादली गेली, एवढं म्हणायला हरकत नाही.

1999 मध्ये आलेल्या ऑटोकॅड 2000 ने एका खिडकीत अनेक ड्रॉइंग उघडू दिली आणि गोंधळ खऱ्या अर्थाने वाढला. उताराही त्याच आवृत्तीत होता: कॉपीबेस, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-सी, आणि पेस्टओरिग, म्हणजे मूळ कोऑर्डिनेट्सवर पेस्ट. पेस्टओरिग दुसऱ्या ड्रॉइंगमधून आणलेल्या वस्तूंसाठीच चालतं. त्याआधी दोन्ही फाइल्समध्ये यूसीएस (आपण ठरवलेले अक्ष) वर्ल्डवर, म्हणजे मूळ अक्षांवर, ठेवावा, नाहीतर ‘मूळ जागा’ वेगळीच निघते. त्याच ड्रॉइंगमध्ये हवं असेल तर कॉपीबेसला 0,0 द्यावा आणि पेस्ट करतानाही 0,0. एवढी सोय पंचवीस वर्षांपासून असूनही बहुतेक टेबलांवर बोटं अजून साध्या कंट्रोल-सीवरच जातात.

सांगली-साताऱ्याकडे याला एककांची जोड मिळते. कुपवाडच्या कारखान्याचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, आर्किटेक्टचा प्लॅन फूट-इंचात आणि टोटल स्टेशनची (जमीन मोजण्याच्या यंत्राची) मोजणी मीटरमध्ये. तिन्ही एकाच लेआउटवर चिकटवायची वेळ येतेच. पेस्ट करताना इन्सयुनिट्स या सेटिंगवरून सॉफ्टवेअर आपोआप स्केल करतं: 1 म्हणजे इंच, 4 मिलिमीटर, 6 मीटर. इंचाची वस्तू मिलिमीटरच्या फाइलमध्ये 25.4 पट, मीटरची 1000 पट होते. सेटिंग खरं असेल तर हे बरोबरच. अडचण तेव्हा येते, जेव्हा ड्रॉइंग मीटरमध्ये काढलेलं असतं आणि टेम्प्लेटमुळे (नव्या ड्रॉइंगच्या तयार साच्यामुळे) सेटिंगमध्ये 4 राहिलेला असतो. सेटिंग शून्य, म्हणजे एकक न दिलेलं, असेल तर सॉफ्टवेअर त्या कॉम्प्युटरवरच्या डिफॉल्टवरून अंदाज बांधतं. तीच फाइल दोन कॉम्प्युटरांवर दोन मापांत पेस्ट होण्याचं कारण हे.

मोजणी यूटीएमवर, म्हणजे पृथ्वीचे पट्टे (झोन) पाडून मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीवर, असेल तर आणखी एक घोळ. दोन्ही जिल्हे झोन 43 मध्ये येतात. सांगली शहराचं ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) साधारण साडेचार लाख मीटर, नॉर्दिंग (उत्तरेकडचं) साडेअठरा लाखांच्या वर. शून्यापाशी काढलेली इमारत त्यावर पेस्टओरिग केली की ती सुमारे एकोणीसशे किलोमीटर दूर पडते आणि झूम एक्स्टेंट्समध्ये दोन ठिपके उरतात. इथे मोजणी शून्याकडे ओढण्यापेक्षा इमारतीचा एक ओळखीचा कोपरा बेस पॉइंट धरून ती मोजणीवर नेणं बरं.

ब्लॉकचं, म्हणजे नाव देऊन एकत्र बांधलेल्या वस्तूंचं, प्रकरण वेगळं. त्याच नावाचा ब्लॉक तिकडे आधीच असेल तर तिकडचीच व्याख्या टिकते. ‘डोअर1’ दोन्हीकडे असून एकाचा बेस पॉइंट बिजागरीला, दुसऱ्याचा मधोमध असेल, तर भिंती जागेवर बसतात आणि दारं तेवढी सरकतात. पेस्टआधी रिनेम कमांडने नाव बदललं की हे टळतं.