कल्चरचा रिपोर्ट म्हणजे अँटिबायोग्राम नव्हे

स्थानिक प्रतिजैविक-प्रतिरोधाविषयी डॉक्टरांचे प्रशिक्षण सुरू झाले, की पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी एखाद्या रुग्णाचा कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट (नमुन्यात कोणता जिवाणू वाढला आणि त्यावर कोणती औषधे चालतात, याचा अहवाल) पुढे करून "हा आमचा अँटिबायोग्राम" असे म्हणतो. दोष सर्वस्वी त्याचा नाही, कारण प्रयोगशाळेतही एकाच जिवाणूच्या तपासणीला हा शब्द सर्रास लावला जातो. मी मात्र तो, कोणता जिवाणू कोणत्या औषधाला किती टक्के संवेदनशील आहे हे दाखवणाऱ्या, रुग्णालयाच्या वर्षभराच्या एकत्रित तक्त्यासाठीच राखून ठेवावा, या मताचा आहे.

रिपोर्ट सर्वांच्या परिचयाचा आहे. नमुना जातो, जिवाणू वाढतो, दोन-तीन दिवसांनी औषधांपुढे एस (संवेदनशील), आय (मधला) किंवा आर (प्रतिरोधी) येते आणि त्या रुग्णाचे औषध कायम ठेवायचे की बदलायचे ते ठरते. अँटिबायोग्राम लागतो तो त्या दोन-तीन दिवसांसाठी, जेव्हा जिवाणू कोणता हे कळलेले नसते आणि औषध तर सुरू करावेच लागते.

खरी गफलत होते ती टक्केवारी वाचताना. तक्त्यात ई. कोलाय या जिवाणूसमोर एखाद्या औषधाला ७५ टक्के लिहिलेले असले, तर ते औषध ७५ टक्के रुग्णांना बरे करते, असा त्याचा अर्थ नाही. ज्यांचा नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला आणि त्यात ई. कोलाय सापडला, अशा रुग्णांपैकी तितक्यांचा जिवाणू त्या औषधाला संवेदनशील निघाला, एवढेच तो आकडा सांगतो. म्हणून भागाकारात खाली काय आहे, हे आधी विचारावे. समजा, ४० रुग्णांपैकी ३० जणांचा जिवाणू संवेदनशील आहे. हे झाले ७५ टक्के. उरलेल्या दहांतील एकजण अतिदक्षता विभागात महिनाभर राहिला, त्याचे आणखी दहा नमुने गेले, प्रत्येकात तोच प्रतिरोधी जिवाणू सापडला आणि ते सगळे मोजले, तर ५० पैकी ३०, म्हणजे ६० टक्के उरतात. रुग्णालयात काहीही बदललेले नसताना औषध बाद ठरते! म्हणूनच एका रुग्णाचा एक जिवाणू त्या कालावधीत एकदाच, तोही पहिला, मोजायचा आणि ३० पेक्षा कमी रुग्ण असतील तर त्या टक्केवारीवर विसंबायचे नाही, असा नियम आहे.

दुसरी बाजू बाह्यरुग्ण विभागाची. लघवीच्या साध्या जंतुसंसर्गाने आलेली स्त्री पहिल्याच औषधाने बरी झाली, तर तिचा नमुना बहुधा जातच नाही. जातो तो औषध लागू न पडलेल्यांचा. त्यामुळे तक्त्यातील प्रतिरोध वस्तीतील प्रतिरोधापेक्षा जास्त दिसतो. आयसीएमआरचे (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे) २०१३ मध्ये सुरू झालेले, प्रतिरोधावर लक्ष ठेवणारे जाळे मोलाचे आहे, पण त्यातील आकडे प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांचे असतात. ते तालुक्याच्या दवाखान्यात जसेच्या तसे भिंतीवर लावलेले पाहिले, की मला मनापासून वाईट वाटते.

प्रशिक्षणात मी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकच प्रसंग देतो: अतिदक्षता विभागातील रुग्ण, रात्री दोनला थंडी वाजून ताप, लघवीसाठी कॅथेटर (नळी) घातलेला, रक्तदाब घसरतो आहे. त्या रात्री हात तक्त्याकडे जायला हवा, तोही अतिदक्षता विभागाच्या वेगळ्या तक्त्याकडे, आणि औषध देण्याआधी रक्ताचे व लघवीचे कल्चर पाठवायला हवे. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, की या रुग्णापुरता तक्ता बाजूला ठेवायचा.